स्वर कुठे तोडायचा? बकेटहेडच्या गिटारविषयी एक उत्तर

अमळनेरच्या एका तरुण वादकाने तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. डोक्यावर तळलेल्या कोंबडीची रिकामी बादली आणि चेहऱ्यावर पांढरा मुखवटा चढवून वाजवणारा बकेटहेड हा अमेरिकन गिटारवादक खरोखर मोठा आहे की तो निव्वळ देखावा आहे; त्याच्या शेकडो अल्बमांतून ऐकायला सुरुवात कुठून करावी; आणि खान्देशात राहून, ऑर्केस्ट्रात हिंदी व अहिराणी गाणी वाजवून पोट भरणाऱ्या माणसाने शब्दांविना चालणाऱ्या प्रायोगिक संगीताचा अभ्यास नेमका कसा करावा. मी जळगावात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि शिकवतो. लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, गणपतीत मंडळे आणि उरलेल्या वेळात अहिराणी गाण्यांचे ध्वनिमुद्रण असा माझा व्यवसाय असल्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की तो देखावा आहे आणि वादकही मोठा आहे. या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही. ब्रायन पॅट्रिक कॅरल हे त्याचे खरे नाव. जन्म १९६९ चा, बालपण दक्षिण कॅलिफोर्नियात गेले. ज्यांच्याकडे तो शिकला त्यांत पॉल गिल्बर्टसारखा अतिशय शिस्तबद्ध आणि वेगवान वादक होता, म्हणजे विचित्रपणाच्या आधी पाया रीतसर घातला गेला होता. त्याचा ‘बकेटहेडलँड’ हा अल्बम १९९२ मध्ये जॉन झॉर्न या प्रयोगशील संगीतकाराच्या लेबलने काढला, आणि त्याच वर्षी बिल लॅसवेल, बूट्सी कॉलिन्स, बर्नी वॉरेल अशा मुरलेल्या कलावंतांसोबत ‘प्रॅक्सिस’ या गटाचा पहिला अल्बम आला. २००० ते २००४ या काळात तो ‘गन्स अँड रोझेस’मध्ये होता. जगातल्या सर्वांत गाजलेल्या रॉक बँडांपैकी एकात शिरूनही त्याने बादली उतरवली नाही, आणि तिथून बाहेर पडल्यावर तो पुन्हा आपल्या एकट्याच्या, बहुतांशी शब्दांविना चालणाऱ्या संगीताकडे वळला.

बादलीची हकिगत त्यानेच सांगितलेली आहे: मुखवटा जवळ होता, खाऊन संपवलेल्या कोंबडीची बादली हाताशी होती, ती डोक्यावर घातली, आरशात पाहिले आणि हाच आपण असे ठरवून टाकले. रंगमंचावर तो बोलत नाही. मुलाखत द्यायची झाली तर कित्येकदा हातातल्या बाहुलीच्या तोंडून देतो. कार्यक्रमाच्या मध्येच गिटार खाली ठेवून यंत्रमानवासारखा नाचतो, नानचाकू फिरवतो आणि पुढच्या रांगेतल्या श्रोत्यांना खेळणी वाटतो. खान्देशातल्या माणसाला याचे फार नवल वाटू नये. आपल्याकडे भोवाड्यात मुखवटा चढवून सोंग निघते तेव्हा त्या माणसाला कोणी घरच्या नावाने हाक मारीत नाही. संबळ वाजू लागला की समोर देव असतो किंवा राक्षस असतो, अमक्याचा मुलगा नसतो. मुखवट्याने मिळते ती ही मोकळीक. लाजाळू माणसाला चेहरा सांभाळण्याच्या कामातून सुटका मिळते आणि त्याचे सगळे लक्ष हातांकडे जाते. मुखवटा काढून नुसते ध्वनिमुद्रण ऐकले तरी वादन उभे राहते की नाही, एवढीच कसोटी लावायची. आणि त्या कसोटीला त्याचे निवडक काम निश्चित उतरते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. आपल्या भागातल्या बेंजो पार्टीत जे वाद्य वाजते ते बुलबुल तरंग. जपानमध्ये नागोया येथे १९१२ साली गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचे ते भारतीय रूप. कळ दाबून तार छेडली की स्वर उमटतो आणि पाहता पाहता विरतो. म्हणून बेंजोवाला उजवा हात क्षणभरही थांबवत नाही, पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, तारांवर सारखी पुढे-मागे चालत राहते आणि त्या थरथराटातून लांब स्वराचा भास तयार होतो. वरातीत दोन-दोन तास हे करणे ही मोठी साधना आहे आणि तिला साधना म्हणायला आपण उगीच बिचकतो. इलेक्ट्रिक गिटारवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटवणारा परिणाम, लावले की मात्र हा प्रश्न बरोबर उलटा होतो. पेडलमध्ये किंवा ॲम्पमध्ये सिग्नल इतका वाढवलेला असतो की लहरींचे माथे कापले जातात, मोठ्या व लहान आवाजातले अंतर कमी होते, आणि तारेची थरथर जवळजवळ संपत आली तरी स्वर तेवढ्याच जोरात ऐकू येत राहतो. स्पीकरसमोर उभे राहिले तर तो थांबतच नाही. बेंजोवाल्याला स्वर जगवावा लागतो आणि डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारवाल्याला तो तोडावा लागतो. जो तोडायला शिकत नाही त्याचे वादन कितीही वेगवान असले तरी गोंगाट होते. ‘प्रायोगिक’ या नावाखाली जे काही कानाला त्रास देते, त्यातले बरेचसे या एकाच उणिवेमुळे देते, असे माझे मत आहे.

बकेटहेडचे वादन या नजरेने ऐका. लोक त्याच्या वेगाबद्दल बोलतात. मला त्याच्या थांबण्याचे अप्रूप वाटते. त्याच्या पांढऱ्या लेस पॉल गिटारवर व्हिडिओ गेमच्या यंत्रावर असते तसे गोल लाल बटण बसवलेले आहे, ज्याला किलस्विच म्हणतात. बटण दाबलेले असेपर्यंत आवाज पूर्ण बंद, सोडले की चालू. डाव्या हाताने स्वर धरून ठेवायचा आणि उजव्या हाताने बटणावर लय वाजवायची, म्हणजे एका लांब स्वराचे बोल पडतात. तबल्यावर ‘तिरकिट’ जितके स्वच्छ पडते तितके स्वच्छ तुकडे त्याला हवे असतात. २००६ च्या ‘गिटार हिरो २’ या गेममुळे ‘जॉर्डन’ ही त्याची रचना जगभर पोहोचली. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाच्या या रचनेत हे बटण उघडपणे ऐकू येते. पुष्कळ मुले ते ऐकून बटण लावून घेतात आणि वाटेल तसे दाबत सुटतात. हे म्हणजे ठेका न शिकता तबल्यावर हात आपटण्यासारखे आहे.

बटणाची जोडणी अगदी सोपी आहे. दाबल्यावरच जोडले जाणारे आणि सोडल्यावर आपोआप उघडे होणारे बटण घ्यावे, त्याची एक वायर आउटपुट जॅकच्या सिग्नलच्या टोकाला आणि दुसरी अर्थच्या टोकाला डाखावी. दाबताच सिग्नल थेट अर्थकडे जातो आणि पुढे काहीच जात नाही. दाराच्या घंटीचे बटणही तत्त्वतः हेच काम करते, पण ते खोल दाबावे लागते आणि त्याची स्प्रिंग संथ असते, त्यामुळे चौगुनीत, म्हणजे एका मात्रेत चार स्वर घेताना, ते साथ देत नाही. गेमच्या यंत्राचे बटण हलके असते, तेच बरे. गिटारला भोक पाडायचे धाडस नसेल आणि तुमची गिटार लेस पॉल पद्धतीची, म्हणजे दोन पिकअपना (तारेची थरथर टिपणाऱ्या भागांना) दोन स्वतंत्र व्हॉल्यूम असलेली असेल, तर एक व्हॉल्यूम शून्यावर ठेवून पिकअप निवडण्याची दांडी खालीवर करावी. टॉम मोरेलो या अमेरिकन गिटारवादकाने या युक्तीचा मुबलक वापर केला आहे. एकच व्हॉल्यूम असलेल्या गिटारवर हे जमत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बटण गिटारवर असते, म्हणजे साखळीत सर्वांत आधी येते. त्यानंतर डिले पेडल, म्हणजे स्वर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारे यंत्र, असेल तर मूळ स्वर तुटतो, पण त्याचा प्रतिध्वनी मागे चालू राहतो. हा दोष मानू नये. या दोन थरांतूनच पुष्कळ सुंदर गोष्टी निघतात.

सरावासाठी कहरव्याचा साधा ठेका ८० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा, लावावा आणि एकच स्वर घ्यावा. पहिल्या आवर्तनात स्वर आठही मात्रा अखंड ठेवावा. दुसऱ्यात प्रत्येक मात्रेच्या बरोबर अर्ध्यावर तोडावा. तिसऱ्यात दुगुन, चौथ्यात चौगुन, आणि मग एखादी साधी तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला एकच तुकडा, बटणावर वाजवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, स्वर तोडावा, म्हणजे समेवर आवाज नव्हे तर शांतता यावी. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे, कारण आपल्या हाताला समेवर ठोका देण्याची सवय असते. बटण नसेल तर हाच सराव उजव्या तळहाताची कड गिटारच्या पुलाजवळ (ब्रिजजवळ) टेकवून किंवा डाव्या हाताचे बोट तारेवरून किंचित उचलून करता येतो. तोडण्याच्या या तीन पद्धतींचा आवाज वेगवेगळा असतो: बटणाने स्वर कापल्यासारखा थांबतो, तळहाताने दबतो, बोट उचलल्याने सुटतो. कुठे कोणता शेवट हवा याचा निर्णय करता येऊ लागला की तुमच्या वादनाला स्वतःचा चेहरा येऊ लागतो.

वेगाविषयी थोडेच सांगतो. त्याचे दोन्ही हातांनी फ्रेटबोर्डवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पडद्यांच्या पट्टीवर, बोटे आपटून वाजवणे, म्हणजे टॅपिंग, लोकांना थक्क करते. हे तंत्र १९७८ मध्ये एडी व्हॅन हॅलेनमुळे घराघरांत पोहोचले आणि पुढे जेनिफर बॅटनसारख्या वादकांनी ते कितीतरी पुढे नेले. बकेटहेड उजव्या हाताची एकाहून अधिक बोटे वापरतो, त्यामुळे दोन सप्तकांच्या उड्या त्याला एका तारेवर शक्य होतात. शिवाय त्याच्या गिटारची तार २७ इंच लांबीची आहे; साध्या लेस पॉलची सुमारे पावणेपंचवीस इंच असते. जाडी आणि स्वर तोच ठेवला तर तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे त्याच्या गिटारवर तो सुमारे १९ टक्के अधिक येतो. उंचापुऱ्या, लांब बोटांच्या माणसाला ते सोसते. तुमच्या-आमच्यासारख्यांनी साधी गिटार, ९ किंवा १० च्या (म्हणजे बारीक जाडीच्या) तारा आणि पहिल्या फ्रेटपाशी तारांना गुंडाळलेला केसांचा रबर एवढ्यावर टॅपिंगचा सराव करावा; रबरामुळे मोकळ्या तारांची भणभण थांबते. याहून जास्त वेळ मी वेगावर घालवणार नाही, कारण वेग सरावाने आपोआप येतो. स्वराचा शेवट कसा करायचा हे मात्र मुद्दाम शिकावे लागते.

डिलेचा मुद्दा मात्र आपल्या मातीतल्या माणसाला लवकर उमजेल असा आहे. १९९८ च्या ‘कोल्मा’ या अल्बमवर ‘बिग सर मून’ ही अगदी छोटी रचना आहे. ऐकताना दोन-तीन गिटारी एकदम वाजत असल्यासारखे वाटते, पण ती करामत बरीचशी प्रतिध्वनीची आहे. अशा वादनाचे गणित आपल्या पाऊण, सव्वा, दीडच्या हिशेबात चपखल बसते. लय १२० ची असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. डिले पाऊण मात्रेवर, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांवर लावावा, प्रतिध्वनी एकदाच आणि मूळ स्वराइतक्याच जोराने येऊ द्यावा, आणि हाताने सरळ दुगुन वाजवावी. तुमचे स्वर ०, २५०, ५०० वर पडतात. प्रतिध्वनी ३७५, ६२५, ८७५ वर पडतात. म्हणजे तुमच्या दोन स्वरांच्या बरोबर मध्ये. हात दुगुन वाजवतो आणि श्रोत्याला चौगुन ऐकू येते. लय कोणतीही असो, ६०,००० ला लयीच्या आकड्याने भागावे आणि आलेल्या संख्येची पाऊणपट घ्यावी. अट एकच आहे, ती म्हणजे हाताने केसभरही पुढे-मागे होता कामा नये, कारण यंत्र तुमची चूक तंतोतंत परत ऐकवते. बेंजो पार्टीत जो ‘इको’ लावतात तो आवाज भरून काढण्यासाठी असतो. इथे तोच इको दुसरा वादक होतो.

दुसरा प्रश्न ऐकण्याचा. त्याच्या ‘पाइक’ नावाच्या मालिकेत २०११ पासून साधारण अर्ध्या तासाचे अल्बम एकामागून एक येत गेले, आणि एकट्या २०१५ मध्ये त्याने ११८ अल्बम काढले. त्याआधी २००७ मध्ये १३ तबकड्यांचा एक संच त्याने हाताने चित्रे काढून विकला होता. या ढिगाऱ्यात क्रमाने शिरणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. माझ्या समजुतीने हा उघड्यावर केलेला रियाज आहे. त्यात अर्धवट सोडलेल्या कल्पना आहेत, तीच चाल पुन्हा घोळवलेली आहे, काही ठिकाणी नुसती जड जड वाद्यांची रेटारेटी आहे, आणि मधूनच चार मिनिटे अशी येतात की बाकीचे माफ करावे.

सुरुवात ‘कोल्मा’ने करावी. कॅलिफोर्नियातले कोल्मा हे गाव तिथल्या दफनभूमींसाठी ओळखले जाते. अल्बमचा स्वभावही तसाच निवांत आणि थोडा उदास आहे. ड्रमचा ठेका सरळ, त्यावर गिटारची धून स्पष्ट. रात्री उशिरा घरच्यांना न उठवता ऐकता येईल असे हे संगीत आहे. नंतर २००२ चा ‘इलेक्ट्रिक टिअर्स’ घ्यावा. त्यात ड्रम नाहीत, आणि ‘पद्मासन’ नावाची रचना आलापासारखी सावकाश उलगडते. तीत राग शोधू नये, मात्र स्वर लावून त्याच्याकडे पाहत बसण्याची वृत्ती ओळखीची वाटेल. तिसऱ्या क्रमांकावर २००६ च्या ‘क्राइम स्लंक सीन’ या अल्बममधील ‘सूथसेयर’, जी त्याने आपल्या मावशी की आत्या, इंग्रजीत भेद नाही, अशा एका नातेवाईक स्त्रीला अर्पण केलेली आहे. नऊ मिनिटांची ही रचना शांत छेडलेल्या स्वरांनी सुरू होते, मग ठळक मुखडा येतो, आणि वादन हळूहळू चढत जाऊन शेवटी अतिद्रुत होते. बडा ख्याल आणि द्रुत यांची सवय असलेल्या कानाला ही चढण परकी वाटत नाही.  हे तीन पचले की मगच १९९२ चा ‘बकेटहेडलँड’ ऐकावा. तो एका काल्पनिक करमणूक-नगरीच्या सहलीसारखा बांधलेला आहे, मध्ये मध्ये माणसांचे आणि यंत्रांचे आवाज येतात, चाली सुरू होतात आणि अर्ध्यातच मोडतात. पहिल्यांदा तोच ऐकलेला माणूस परत फिरकत नाही.

बकेटहेड हा प्रायोगिक गिटारच्या मोठ्या मुलखातला फक्त एक रस्ता आहे, हेही सांगायला हवे. लंडनमध्ये १९६० च्या दशकात कीथ रो याने गिटार गळ्यात अडकवायचे सोडून टेबलावर आडवी ठेवली, तारांवर वस्तू फिरवल्या आणि पिकअपजवळ रेडिओ लावून त्यातले आवाज संगीतात घेतले. फ्रेड फ्रिथने १९७४ च्या ‘गिटार सोलोज’मध्ये तारांना मगरीच्या जबड्यासारखे चिमटे लावून घंटेसारखे नाद काढले. मोटारसायकलच्या बॅटरीला लावतात तो लहान चिमटा बाराव्या फ्रेटच्या आसपास तारेला लावून पाहा, थोडक्या पैशांत नवे वाद्य मिळते. डेरेक बेली तर याहून पुढे गेला. त्याने मुखडा, ताल, स्वरसंगती, कोणत्याही ओळखीच्या शैलीची भाषा हे सगळेच नाकारले आणि प्रत्येक क्षणी नवे काही सुचते का एवढेच पाहिले. मला त्याच्याविषयी आदर आहे, पण त्याचा अल्बम मी सलग ऐकू शकत नाही, आणि तुम्हालाही तो आवडलाच पाहिजे असे दडपण घेऊ नका. बकेटहेड आपल्या अधिक जवळचा वाटतो तो त्याच्यापाशी मुखडा आहे म्हणून.

मुखड्याचा हा मुद्दा आपल्या श्रोत्यांच्या दृष्टीने निर्णायक आहे. शब्दांविना संगीत आपल्याला नवे नाही. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या गिटारवरच्या सिनेगीतांच्या धुनी रेडिओवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या गेल्या. बँडवाला आणि बेंजोवाला आजही शब्द न उच्चारता अख्खी वरात नाचवतात. पण तिथे शब्द श्रोत्याच्या मनात आधीच असतात, वादक फक्त त्यांची आठवण करून देतो. अनोळखी रचनेत ही सोय नसते. म्हणून ऑर्केस्ट्रात तुम्ही स्वतःची रचना वाजवली की कोणीतरी मंचाजवळ येऊन ‘गानं कोठे शे भो?’ असे विचारतो, आणि त्याचा प्रश्न रास्त असतो. त्याला धरायला काहीतरी दिले पाहिजे. दोन किंवा चार मात्रांची एक लहानशी, गुणगुणता येईल अशी ओळ सुरुवातीला स्पष्टपणे दोनदा वाजवावी, मग हवा तेवढा प्रयोग करावा, आणि दर मिनिटा-दीड मिनिटाने त्या ओळीकडे परत यावे. ‘सूथसेयर’ नऊ मिनिटे टिकते ती याच आधारावर. आपल्या गतकारीत, म्हणजे सतारीसारख्या वाद्यांवरच्या गतीच्या वादनातही, वेगळे काय असते? तोडे कितीही लांब घेतले तरी गत परत येते, आणि ती परत येणार हा भरवसा असतो म्हणून श्रोता तोड्यांत हरवायला तयार होतो.

मींडेविषयी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्याविषयी, तुम्ही वेगळे विचारले नाही, पण खान्देशातून कोणी हे संगीत करू पाहील तर तिथेच त्याचे स्वतःचे असे काही निघण्याची शक्यता अधिक आहे, म्हणून लिहितो. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६० च्या दशकातच गिटार आडवी ठेवून, तारेवर दांडी सरकवून रागसंगीत वाजवले; विश्वमोहन भट्ट यांनी त्याच वाटेने मोहनवीणा घडवली. उभ्या धरलेल्या गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी ‘शक्ती’ या आपल्या गटासाठी फ्रेटांमधले लाकूड कोरून खोलगट केलेली गिटार वापरली, जेणेकरून तार सतारीसारखी ओढता यावी, आणि यू. श्रीनिवास यांनी इलेक्ट्रिक मॅन्डोलिनवर कर्नाटक संगीत इतक्या सहजतेने वाजवले की वाद्य परदेशी आहे हेच लोक विसरले. बकेटहेड तार ओढतो ती ब्लूजच्या वळणाने. त्यात मिळणारा कोमल गंधार आपल्या एखाद्या रागातल्या आंदोलित गंधाराच्या जवळ जातो, पण तो तिथे थांबत नाही. तुम्ही थांबा. साध्या ९ च्या तारेवर एक ते दीड स्वराची मींड स्वच्छ निघते, तेवढी पुरे आहे. त्याचे बटण, त्याचा पाऊण मात्रेचा डिले आणि आपली मींड हे तीन एकत्र आणून मी माझ्या विद्यार्थ्यांकडून भीमपलासीतल्या लहान रचना करून घेतो, आणि डिस्टॉर्शन लावलेली मींड मधोमध कापली की काय परिणाम होतो हे त्यांना सांगावे लागत नाही.

काही व्यावहारिक गोष्टी इथल्या हवेच्या आणि विजेच्या. जळगाव-भुसावळकडचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, त्या कोरड्या उष्णतेने फ्रेटबोर्डचे लाकूड आकसते आणि धातूचे फ्रेट कडेने बाहेर डोकावून बोटांना टोचू लागतात. गिटार कूलरच्या समोर ठेवू नये. दिवसा ओलावा आणि रात्री कोरडेपणा या हेलकाव्याने मान अधिक वाकते. गिटार कापडी पिशवीत, आतल्या भिंतीला लागून ठेवावी आणि पावसाळा सुरू झाल्यावर पंधरवड्याने मानेतल्या सळईचा ताण पुन्हा पाहावा. घामाने तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात. विजेचा मुद्दा मात्र जिवाशी आहे. लग्नाच्या मांडवात अर्थिंग पुष्कळदा नसते किंवा नावापुरते असते, आणि अशा वेळी तारांवर हात असताना माइकला ओठ लागले तर जोराचा झटका बसू शकतो. मंचावर चढण्याआधी विजेच्या माणसाकडून अर्थिंग तपासून घ्यावे, माइकला फोमची टोपी असावी, आणि शंका असेल तर त्या दिवशी गायन दुसऱ्यावर सोपवावे. किलस्विच दाबल्यावर पिकअपची घुंई थांबते, पण पेडलची स्वतःची सूं-सूं थांबत नाही. ती अधिक असेल तर डिस्टॉर्शनचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, कमी करणे हाच उपाय आहे, नवे पेडल विकत घेणे हा नाही.

राहिला प्रश्न वाजवायचे कुठे. खान्देशात प्रायोगिक गिटारसाठी वेगळा मंच शोधत बसू नये. आहे त्याच ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात, मध्यंतरानंतर, एका सर्वांना ठाऊक असलेल्या धुनीच्या लगोलग आणि त्याच लयीत आपली चार मिनिटांची रचना लावावी. ढोलकीवाल्याला ठेका चालूच ठेवायला सांगावे, म्हणजे श्रोत्यांचे पाय थांबत नाहीत आणि कानांना सवय व्हायला वेळ मिळतो. पहिल्यांदा तिहाई बटणावर घेऊन समेवर शांतता सोडाल तेव्हा ढोलकीवालाही दचकेल. म्हणून तालमीत ती जागा त्याच्याबरोबर दहा वेळा वाजवून घ्या, आणि कार्यक्रमात तिथे पोहोचण्याआधी त्याच्याकडे एकदा पाहायला विसरू नका.